डाव्या हाताचा कित्ता

(हिंगणीच्या बाजारओळीतला नवा दातांचा दवाखाना. बाहेर बाकावर तीनचार माणसं. आत डॉक्टर नमिता आणि जागेचे मालक, शेजारच्या किराणा दुकानाचे हिरालाल.)

हिरालाल : अवं, दोन गडी बोलावतो ना मी. कवडूले सांगतो. अर्ध्या घंट्यात खुर्ची फिरवून देते. तुले हातबी लावा लागत नाई.

नमिता : आन् खुर्ची फिरवल्यावर मी कुठं बसू, काका?

हिरालाल : जिथं बाकीचे डॉक्टर बसते तिथं. पेशंटच्या उजव्या अंगाले. वर्धेचा बसते, सेलूचा बसते. तूच एकटी काऊन डाव्या अंगाले बसून राह्यली?

नमिता : मी डावखुरी आहो म्हणून.

हिरालाल : ते मले मालूम आहे. अख्ख्या हिंगणीले मालूम आहे. तेच तं दुखणं आहे. लोकं या दवाखान्याले काय म्हणते, ऐकलं का?

नमिता : डावा दवाखाना. कवडूकाकानं माह्या तोंडावरच म्हटलं.

हिरालाल : पाह्य. मी साफ बोलतो, राग मानू नको. माणूस डाव्या हातानं काय करते, ते तुले सांगायची गरज नाई. तोच हात तू लोकाइच्या तोंडात घालतं. कोणाले पटन?

नमिता : हातमोजे घालून घालते. आन् त्याच्या आधी साबणानं धुते, दर पेशंटले. बाकावर बसले ना, त्याइले विचारा बरं, सकाळपासून कोणी किती वेळा हात धुतले.

हिरालाल : लोकाइचं लोकाइजवळ. दवाखाना तुहा आहे. तीन हप्ते झाले, किती आले?

नमिता : चौदा. आन् पाच जण पायरीवरूनच वापस गेले. मले माहीत आहे सगळं.

हिरालाल : आन् पहिला कोण होता? लहानू. त्याले तू म्हटलं, चूळ टाका. त्यानं कुठं टाकली?

नमिता : माह्या मांडीवर.

हिरालाल : मंग. काऊन का वर्धेच्या खुर्चीत ते चूळ टाकायचं भांडं डाव्या अंगाले राह्यते. तुह्या खुर्चीत उजव्या अंगाले. त्याची काय गलती? बिचारा दोन दिवस तोंड लपवून फिरला आन् तिसऱ्या दिवशी सोताच सगळ्याइले हासून सांगत सुटला.

नमिता : काका, कॉलेजात मी पाच वर्षं उजव्याइच्या खुर्चीवर काम केलं. अंग पिळून, मान वाकडी करून. घरी आली का पाठ आखडून जाय. तवाच ठरवलं होतं का सोताचा दवाखाना झाला तं खुर्ची माह्या हाताची राहीन. वर्धेले नोकरी भेटत होती, ती सोडून मी इथं आली. ज्या गावानं शिकवलं त्या गावात.

हिरालाल : आली ते चांगलंच केलं. मी का नाई म्हणतो? पण तो मोबाइलवाला या जागेसाठी रोज चकरा मारून राह्यला. माह्या दुकानातले गिऱ्हाईक बोलून राह्यले. मी त्याले म्हटलं, पुढच्या बाजारापर्यंत सांगतो. खुर्ची फिरली तं जागा तुही. नाई फिरली तं मंग मले काही बोलू नको.

नमिता : उजव्या हातानं दाढ उपटू का मी? चुकीच्या जागी सुई टोचली तं तुम्ही जिम्मेदारी घेसान?

श्रीधर गुरुजी : आत येऊ का? की बाहेरच थांबू, भांडण संपेपर्यंत?

हिरालाल : या, या गुरुजी. लय बरे आले. बत्तीस वर्षं तुमी या गावाच्या लेकराइले अक्षर शिकवलं. ही पण तुमचीच विद्यार्थिनी. तुमचं नाई मोडणार. आता तुमीच न्याय करा.

श्रीधर गुरुजी : न्याय नंतर, हिरालाल. आधी दाढ. चार दिवस झाले, चहासुद्धा एका गालानं पितोय.

नमिता : बसा गुरुजी. पाय वर घ्या. बीपीची गोळी चालू आहे ना?

श्रीधर गुरुजी : सकाळीच घेतली. साखर नाही. रक्त पातळ करायची गोळीही नाही. तुझ्या यशोदाकाकूनं सगळे रिपोर्ट पिशवीत घालून दिलेत, ही घे. ती म्हणाली, आपल्या नमिताकडं जा, वर्धेला जायचं काही काम नाही.

हिरालाल : काकूइनं पाठवलं?

श्रीधर गुरुजी : पाठवलं तिनं. पण यायला मी आधीच निघालो होतो.

नमिता : आ करा. अजून थोडं मोठं. हं. खालची उजव्या अंगाची दाढ आहे. वरचा भाग सगळा गेला, खुंट तेवढा राह्यला. काढाच लागन. चूळ भरा एकदा.

हिरालाल : पाह्यजा गुरुजी, भांडं...

नमिता : त्याइनं टाकली काका, बरोबर भांड्यात. न सांगता उजवीकडं वळले. अं, गुरुजी, अजून एकदा आ करा. हे काय आहे?

श्रीधर गुरुजी : का? अजून काही किडलंय?

नमिता : नाई. किडलं नाई. तुम्ही दात कोणत्या हातानं घासता?

श्रीधर गुरुजी : म्हणजे काय? उजव्या.

नमिता : दात तसं म्हणत नाईत.

हिरालाल : दात काय म्हणते?

नमिता : काका, इकडं या. तुम्ही आधी आ करा.

हिरालाल : मले काऊन? माह्यं कोठं दुखते?

नमिता : करा तं खरं. पाहा, हा आरसा धरा. तुमचा डाव्या अंगाचा सुळा आन् त्याच्या मागचे दोन दात. हिरडीजवळ खाच पडली. उजव्या अंगाले नाई. उजव्या हातानं घासणाऱ्याचा सगळा जोर बहुतेक डाव्या अंगावर पडते. तुम्ही तं खूपच जोरात घासता.

हिरालाल : सकाळी घाई राह्यते ना दुकानाची.

नमिता : आता गुरुजींचे पाहा. डाव्या अंगाले काहीच नाई. आन् उजव्या अंगाले, हे, हे आन् हे. तिन्ही दाताइले खाच. वर्षानुवर्षाची.

श्रीधर गुरुजी : लहानपणी बाभळीच्या काडीनं घासायचो आम्ही. तिनं पडली असेल.

नमिता : काडी पण हातातच धरा लागते, गुरुजी.

हिरालाल : अरे. म्हणजे हे...

नमिता : मी शेवटच्या वर्षाले याच्यावरच प्रोजेक्ट केलं होतं. माणूस कोणत्या अंगानं चावते, कोणत्या हातानं घासते, फोन कोणत्या कानाले लावते, सुईत दोरा ओवताना कोणता डोळा मिटते. हे सगळं एकाच अंगाचं राहीन असं काही नसते. कोणी उजव्या हाताचा असते आन् डोळा त्याचा डावा चालते. पण पाय बहुतेकाचा हाताच्या अंगाचाच असते. गुरुजी, मघाशी तुम्ही पायरीवर फोनवर बोलत होते. डाव्या कानाले होता.

श्रीधर गुरुजी : उजव्या हातात पिशवी होती.

नमिता : आन् पाय?

श्रीधर गुरुजी : पायाचं काय?

हिरालाल : थांब थांब. सायकल.

श्रीधर गुरुजी : हिरालाल, तू गप्प बस.

हिरालाल : नाई, आता आठोलं मले. गुरुजी सायकलवर उलट्या अंगानं बसत. आपण सगळे सायकलच्या डाव्या अंगाले उभे राह्यतो आन् उजवी टांग टाकतो. हे साखळीच्या अंगाले उभे राह्यत आन् डावी टांग टाकत. माह्या दुकानासमोरून निघत रोज. साऱ्या पायजम्याले साखळीचं काळं लागे, काकू सोड्यासाठी माह्याकडं येत आन् बडबड करत. आमी सगळे हासत होतो, म्हणो, गुरुजींची सायकल उलटी आहे. कोणाच्या डोक्यात नाई आलं का...

नमिता : कारण पायाकडं कोणी पाहत नाई, काका. हाताले लोकं मारून वळवते. पायाले कोणी वळवत नाई. म्हणून पाय खरं सांगते. गुरुजी, तुम्ही डावखुरे आहा ना?

श्रीधर गुरुजी : माझी दाढ काढायची होती तुला.

नमिता : काढते ना. सांगा तरी.

श्रीधर गुरुजी : हिरालाल, दार ओढून घे जरा.

हिरालाल : घेतलं.

श्रीधर गुरुजी : यशोदेलाही कधी सांगितलं नाही मी हे. त्रेचाळीस वर्षं संसार झाला. मी पहिलीत होतो. बाबा तहसिलीत कारकून. तेव्हा टाक आणि दौत. बाबा म्हणायचे, डाव्या हातानं लिहील तर ओल्या शाईवरूनच हात फिरेल, असा पोरगा कचेरीत कोण ठेवेल? मारलं नाही हो कोणी मला. माह्या मायनं... माझ्या आईनं काय केलं, माझे होते नव्हते ते सगळे सदरे काढले आणि डावी बाही पुढून शिवून टाकली. हात आत, तोंड बंद. शिवताना ती रडत होती, ते आठवतं मला. वर्षभर तसाच शाळेत गेलो. पोरं मला पिशवी म्हणायची.

हिरालाल : पिशवी.

श्रीधर गुरुजी : दुसरीत बाही उसवली. तोवर हात वळला होता. मग मी उजवं अक्षर असं घोटलं, असं घोटलं, की जिल्हा परिषदेत कोणाचं मानपत्र लिहायचं असलं की मला बोलावणं यायचं. वर्धेहून गाडी यायची न्यायला. अभिमान होता मला त्या अक्षराचा. अजून आहे. खोटं कशाला बोलू.

नमिता : आन् दात?

श्रीधर गुरुजी : दात घासायला विहिरीमागं जायचो. तिथं कोणी नसायचं. एवढी एक जागा त्या हाताला ठेवली होती. ती तू शोधून काढलीस.

नमिता : माह्याजवळ एक वही आहे, गुरुजी.

श्रीधर गुरुजी : कोणती वही?

नमिता : निळ्या पुठ्ठ्याची. कित्त्याची.

श्रीधर गुरुजी : ती अजून आहे?

नमिता : घरी कपाटात आहे. मी पहिलीत होती तवा आजी मले तुमच्याकडं घेऊन आलती. म्हणे, गुरुजी, या पोरीचा हात वळवून द्या. तुम्ही म्हटलं, हात वळवायचं माझ्याकडं लागलं, आता घरी कोणी तिच्या हाताला हात लावायचा नाही. घरच्याइले वाटे का शाळेत वळवून राह्यले. आन् शाळेत तुम्ही मले बाकाच्या डाव्या टोकाले बसवलं. मले वाटे ते शिक्षा म्हणून आहे. कॉलेजात गेल्यावर समजलं, कोपर कोणाले लागू नाई म्हणून होतं ते.

श्रीधर गुरुजी : दुसरी जागा नव्हती बसवायला.

नमिता : आन् ती वही दिली. म्हटलं, घरी नेऊ नको, दप्तराच्या खालच्या कप्प्यात ठेव. मी रोज पाहो. फळ्यावर तुमचं अक्षर मोत्यासारखं. आन् वहीत म लुळा, क पोटात वाकलेला. मले वाटे यशोदाकाकूनं लिहून दिलं.

श्रीधर गुरुजी : तिनं नव्हतं लिहिलं.

नमिता : आता समजलं ना मले.

श्रीधर गुरुजी : अगं, उजव्या हातानं लिहिलेला कित्ता तुझ्या काय कामाचा? वही कशी तिरपी ठेवायची, पेन ओढायचा नाही, ढकलायचा, हात ओळीच्या खालून न्यायचा, हे सगळं शिकवायला आधी मला यायला पाहिजे होतं. शाळा सुटली की दार लावून बसायचो. पन्नाशी उलटलेला माणूस, मानपत्रं लिहिणारा, आणि अ आ इ ई गिरवतोय. घाम फुटायचा. तो हात इतका रुसला होता माझ्यावर, की काना सरळ देईना.

नमिता : किती दिवस केलं असं?

श्रीधर गुरुजी : दिवाळीपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीनंतर तू शाळेत आलीस आणि पाटीवर तुझं नाव लिहून दाखवलंस. माझ्यापेक्षा चांगलं. मग थांबलो.

नमिता : मंग पुन्हा नाई लिहिलं?

श्रीधर गुरुजी : नाही. काम झालं होतं.

हिरालाल : गुरुजी, एक बोलू का?

श्रीधर गुरुजी : बोल.

हिरालाल : आमची सपना पण डाव्या हातानं जेवे. मी समोरून ताट उचलून घेत होतो. चार दिवसात उजव्यानं जेवाले लागली. मी गावभर सांगितलं, पोरगी कशी सुधरवली म्हणून. मंग लग्न झालं. सासरच्या उंबरठ्यावर तांदळाचं माप लवंडाचं होतं तं तिनं डावा पाय उचलला. सासूचा फोन आला. मी सपनाले फोनवर लय सुनावलं. ती म्हणे, बाबा, मले कळलंच नाई, पाय आपोआप उचलला गेला. मले खोटं वाटलं.

नमिता : खोटं नव्हतं ते, काका.

हिरालाल : नव्हतं न. आता समजून राह्यलं मले. सहा वर्षं झाली त्या गोष्टीले.

श्रीधर गुरुजी : न्याय मागत होतास ना मघाशी?

हिरालाल : आता कशाचा न्याय, गुरुजी.

श्रीधर गुरुजी : तरी ऐक. दार उघड. पडदाही पूर्ण सार. माझी दाढ निघेल ती याच खुर्चीत आणि हिच्या त्याच हातानं, आणि बाकावरच्यांना ती नीट दिसली पाहिजे. नमिता, तुझी काही हरकत?

नमिता : पेशंटची नाई तं माही काय. पण गुरुजी, दुखलं तं लोकाइसमोर...

श्रीधर गुरुजी : तू शिकलीस ते मी पाहिलंय. माझ्या शाळेतून मास्तर निघाले, पटवारी निघाले, दोघं पुलगावच्या लष्करी डेपोत आहेत. डॉक्टर तू एकटी. आणि तू ज्या हातानं पहिलं अक्षर काढलंस त्याच हातानं डॉक्टर झालीस. मला तुझा फार अभिमान आहे. हे आधी बोलायला पाहिजे होतं. आता तोंड बधिर व्हायच्या आत बोलून घेतो. दे इंजेक्शन.

नमिता : थांबा, मले डोळे पुसू द्या. मोजे बदला लागन आता.

हिरालाल : मंदाबाई, लहानू, या इकडं दारात उभे राहा. आवाज नाई करायचा. पाहून घ्या. हात धुतले, पाहिले का? साबणानं. कोपरापर्यंत. कवडू, तू बी पाह्य, तुलेच लय बोलाची हौस आहे. आता नवे मोजे घातले. सुई दिली. गुरुजी हलले का? नाई हलले.

नमिता : काका, माह्या डोक्यावर उभे राहू नका. उजेड अडते.

हिरालाल : हाव, सरकलो. आता पाच मिनिट थांबा लागते, गाल जड झाला पाह्यजे. ही ओठाले टोचून पाहून राह्यली. आता ते चिमट्यासारखं घेतलं. हळू बाई, हळू. आरामात कर.

नमिता : झालं.

हिरालाल : काय झालं?

नमिता : दाढ निघाली. हे पाहा वाटीत.

हिरालाल : इतक्यात? मागं वर्धेले माही दाढ काढली तं डॉक्टरनं छातीवर गुडघा ठेवाचाच बाकी राह्यला होता. मंदाबाई, पाह्यलं ना? गुरुजी, दुखलं का?

नमिता : बोलू नका गुरुजी. कापूस घट्ट चावून धरा, अर्धा घंटा. बोलायचं नाई, थुंकायचं नाई. काही सांगायचं असलं तं हा कागद घ्या. काका, त्याइले पेन द्या तुमच्या खिशातला.

हिरालाल : हा घ्या. अं, गुरुजी, तो हात... बरं. लिहा. मी धरतो कागद. सावकाश लिहा, घाई नाई.

नमिता : वाचा काका.

हिरालाल : चष्मा नाई माह्याजवळ. आन् हे अक्षर तं... खुर... खुर्ची. खुर्ची फिरवायची नाही. हात हलका आहे. पुढच्या पेशंटला बोलवा.

नमिता : दाखवा मले.

हिरालाल : वाकडंतिकडं लिहिलं गुरुजीनं. बत्तीस वर्षांत असं अक्षर पाह्यलं नाई त्याइचं.

नमिता : मी पाह्यलं आहे. हेच अक्षर आहे, काका. क पोटात वाकलेला. याच्यावरूनच गिरवलं मी.

हिरालाल : मंग हा कागद मले देजो. भिंतीवर लावतो, दारातून आला का दिसला पाह्यजे. आन् तो मोबाइलवाला आला तं त्याले माह्याकडं धाडजो, मी सांगतो त्याले काय सांगायचं ते. पण आधी सपनाले एक फोन लावतो.

नमिता : लावा. पण बाकावर लोकं बसून आहे, काका. त्याइले तरी आवाज द्या.

हिरालाल : मंदाबाई, या आत. बसा खुर्चीत. आन् आइका, चूळ उजव्या अंगाले टाकजा. डाव्या अंगाले आमची डॉक्टरीण बसते.